मानाचा नारळ आणि एकच पातेलं

पुरस्कारासाठी आपणच अर्ज करायचा असतो, हे माझ्या पप्पांना अजून पटलेलं नाही. ते संगमनेरला टेम्पो चालवतात. तोक्योतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी पुरस्कारांचे अर्ज लिहिते, असं फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मने, पुरस्कार देत असतात. मागत असतात का कुठं?"

तेव्हा मी विषय बदलला. आता त्याचं उत्तर थोडंफार देता येईल असं वाटतं, म्हणून लिहायला बसले. खरं तर आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या या अंकाच्या संपादकांना मी आधी नाहीच म्हटलं होतं. कामाच्या आठवणी लिहिणारं माणूस कसं निवृत्त हवं, केस पिकलेलं हवं. मी अजून विद्यार्थिनी आहे. पण त्या म्हणाल्या, "मनीषाताई, हे असलं काम करणारं आपल्या मंडळात दुसरं कुणी आहे का?" नव्हतं.

माझ्या माहेरी बारावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. बारावीपर्यंतही मी एकटीच. लग्न झालं, नितीनला तोयोसुच्या कंपनीत काम मिळालं आणि आम्ही हिगाशी-कसाईत राहायला आलो. आमची आर्या होइकुएनमध्ये, म्हणजे इथल्या पाळणाघरवजा बालवाडीत जाऊ लागली. तिथे दुपारचं जेवण तिथेच शिजतं आणि सगळी मुलं तेच जेवतात. पण बहुतेक सगळी सूपं, भाज्या वाळवलेल्या माशाच्या पाण्यात शिजतात. त्या पाण्याला दाशी म्हणतात. ताटाकडे बघून ते कळतही नाही. आमचं सासर माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही. त्यामुळे आर्याचा डबा घरून जायचा. बाकीची मुलं पांढऱ्या टोप्या घालून एकमेकांना वाढायची आणि आर्या कडेच्या टेबलावर एकटी डब्याचं झाकण उघडायची. मी ते एकदा दारातून पाहिलं. रडले वगैरे नाही. फक्त त्या दिवशी घरी जाताना आमचं स्टेशन मागे गेलं ते कळलं नाही, थेट उरायासुला उतरले.

आमच्या भागात एक तानदाई आहे. तानदाई म्हणजे दोन वर्षांचं छोटं कॉलेज. बालवाडीच्या शिक्षिका, आहारतज्ज्ञ असे लोक तिथे तयार होतात. तिथल्या आहारशास्त्राच्या शिक्षिका सेकिने-सेन्सेई यांनी एक वर्ग सुरू केला होता. आसपासच्या परदेशी आया आणि कॉलेजच्या मुली यांनी मिळून असं जेवण बसवायचं, की होइकुएनमधल्या प्रत्येक मुलाला एकाच पातेल्यातलं खाता यावं. दाशी माशाऐवजी कोम्बु नावाच्या समुद्रातल्या पानाची आणि वाळवलेल्या मशरूमची करायची. उपक्रमाचं नावच होतं 'एकच पातेलं'. आठवड्यातून एकदा कॉलेजशेजारच्या होइकुएनमध्ये ते जेवण जायचं. आर्याचं होइकुएन वेगळं होतं. आणि जी आई हा वर्ग नीट पूर्ण करेल तिला कॉलेजच्या पदविकेला प्रवेश मिळायचा, जपानी शाळेत शिकलेली नसली तरी.

मी त्या दाराने कॉलेजात आले. घर सांभाळणाऱ्यांना दोन वर्षांचा कोर्स तीन वर्षांत करता येतो, तो घेतला. आर्याला सांगितलं, आई कॉलेजला जाणार. ती म्हणाली, "पण कशाला उगाच? मामा, तुला कांजी कुठे येते?" म्हणजे पहिले तीन शब्द मराठी, पुढचं सगळं जपानी. मामा म्हणजे आई आणि कांजी म्हणजे जपानी लिपीतली चित्राक्षरं. तिचं असंच चालतं.

कॉलेजच्या ऑफिसात मला आरुबाइतो मिळाला, म्हणजे तासांवरचं काम. पत्रं लावायची, झेरॉक्स काढायच्या. तिथले ओकुबो-सान आमच्या कॉलेजचे अर्ज लिहायचे. फार उंच माणूस. दारातून आत येताना डोकं खाली घालायची सवय इतकी पक्की, की मोकळ्या मैदानातही वाकूनच चालायचे. त्यांनी एक दिवस मला बोलावून सांगितलं, "कदम-सान, विश्वस्तांनी 'एकच पातेलं' या वर्षानंतर थांबवायचं ठरवलंय. कॉलेजात मुली कमी होत चालल्या आहेत. खर्च कुठेतरी कापायला हवा. बाहेरच्या कुणी या कामाची दखल घेतली, तरच ते पुन्हा विचार करतील."

दोन वर्षांच्या कॉलेजांमधल्या वेगळ्या उपक्रमांना एक संस्था दरवर्षी पुरस्कार देते. त्यासाठी अर्ज करायचा होता. माझा स्वतःचा प्रवेश झालेला होता, त्याला धक्का लागणार नव्हता. पण माझ्यामागे दार बंद होणार होतं. आणि दारात स्नेहल उभी होती.

स्नेहल आमच्याच बिल्डिंगमधली. पुण्याची. लग्नामुळे डिप्लोमा अर्धवट सुटलेला. ती त्याच वर्षी 'एकच पातेलं'च्या वर्गात आली होती आणि पुढच्या एप्रिलमध्ये तिला कॉलेजात यायचं होतं. धाकट्याला झोपाळ्यावर झोके देत देत ती बागेत कांजी गिरवायची. मी तिला सांगून बसले होते, "ये गं, काही अवघड नाही, मी आहे ना."

आता अर्जाचं काम कसं चालतं ते सांगते. बाहेरच्या माणसाला वाटतं, आपण केलेलं काम छान शब्दांत लिहायचं, झालं. मलाही तसंच वाटलं. मी लिहिलं, 'मुलं आनंदाने जेवली.' ओकुबो-सान लाल पेन्सिल घेऊन बसले आणि विचारलं, "याला पुरावा?"

"मी पाहिलं."

"आनंद कसा पाहिला?"

मग त्यांनीच मार्ग दाखवला. होइकुएनमध्ये जेवणानंतर ताटात उरलेलं अन्न वजन करून लिहून ठेवतात. आमच्या जेवणाच्या दिवशी उरणारं अन्न नेहमीपेक्षा फार कमी होतं. वाक्य झालं, 'या दिवशी ताटं जवळजवळ रिकामी परत येतात.' आनंद हा शब्द गेला आणि आनंद आला. अर्ज लिहिणं म्हणजे काय ते मी तिथे पहिल्यांदा शिकले.

पण ओकुबो-सानांचीही एक अडचण होती. स्वतःच्या कामाबद्दल बोलायचं म्हटलं की ते चोरी केल्यासारखे कानकोंडे व्हायचे. आमच्या पहिल्या अर्जात 'आम्ही अजून अपुरे आहोत' हे इतक्या ठिकाणी आलं होतं, की वाचणाऱ्याला वाटावं हे लोक क्षमा मागायला आलेत. माणूस एकही नाही. सेकिने-सेन्सेई नाहीत, आया नाहीत, मुलं नाहीत. तो अर्ज पडला. परीक्षकांनी एका ओळीत कळवलं, की उपक्रम समजला, पण तो कुणासाठी आहे ते दिसलं नाही.

सेकिने-सेन्सेई विश्वस्तांकडे गेल्या. त्या निवृत्तीला आल्या होत्या, बोलायला भ्यायच्या नाहीत. एक वर्ष वाढवून आणलं. शेवटचं एक वर्ष. स्नेहलचा वर्ग पूर्ण झाला होता, पण विश्वस्तांनी त्या वर्गामार्फतचे नवे प्रवेश थांबवले आणि तिचा प्रवेश पुढच्या वर्षावर, म्हणजे आमच्या अर्जावर जाऊन अडकला.

दुसऱ्या अर्जाला बसलो तेव्हा मी घरून एक उतारा लिहून आणला होता. तीनदा पिशवीतून काढला आणि परत ठेवला. शेवटी दिला. त्यात कडेचं टेबल होतं, पांढऱ्या टोप्या होत्या, डब्याचं झाकण होतं. पुढे असं होतं, की ही आई आता याच कॉलेजात शिकते आणि तिच्या घराण्यात कॉलेजात जाणारी ती पहिली आहे. हे शेवटचं लिहायला मला फार जड गेलं होतं. वर्गातल्या मुलींना मी कधी सांगितलं नव्हतं.

ओकुबो-सानांनी वाचलं. पेन्सिल उचलली. सवयीने म्हणाले, "याला पुरावा?"

"मी," मी म्हटलं. "मी आहे ना."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. त्या उताऱ्यावर एकही लाल खूण झाली नाही.

या वेळी अर्ज पुढे गेला आणि परीक्षक कॉलेज पाहायला येणार असं कळलं. ओकुबो-सानांनी तयारी सुरू केली. कुणी कुठे उभं राहायचं, स्लिपर कुठे ठेवायच्या, सगळं आखलं. आणि मला बजावलं, "परीक्षक काहीही स्वीकारत नाहीत. भेटवस्तू दिली असं दिसलं, तर अर्ज बाद होऊ शकतो. सगळ्यांना नीट सांगा." मी आमच्या मराठी आयांच्या ग्रुपवर लिहिलं, 'कृपया कुणीही गिफ्ट आणू नये.' सगळ्यांचे अंगठे आले. स्नेहलच्या सासूबाई, शुभदाकाकू, त्या दिवसांत पुण्याहून आलेल्या होत्या. त्यांचाही अंगठा आला.

परीक्षक आले त्या दिवशी काकू वर्गाच्या, म्हणजे कॉलेजच्या स्वयंपाकघराच्या, दारात नऊवारी नेसून उभ्या. थंडी म्हणून आत लेगिंग्ज, वरून कार्डिगन. मला वाटलं, सुनेला बघायला आल्या असतील. परीक्षकांचे प्रमुख पांढऱ्या केसांचे, हळू चालणारे गृहस्थ होते. ते दारात आले आणि काकूंना पाहून रीतीप्रमाणे कमरेत वाकले. काकूंना तेवढंच हवं होतं. त्यांनी कार्डिगनखालून शाल काढली आणि वाकलेल्या खांद्यांवर अलगद घातली. प्रमुख गोंधळून आणखी वाकले. काकूंना वाटलं, पाया पडताहेत. "असू दे, असू दे," असं म्हणत त्यांनी त्यांना वर उठवलं आणि हातात नारळ ठेवला.

परीक्षकांतल्या तरुण बाईंनी फाइल उघडून काहीतरी टिपलं. ओकुबो-सानांचा चेहरा तांदळाच्या पिठासारखा झाला. स्नेहल ओट्याशी ॲप्रन घालून उभी होती, ती नुसती माझ्याकडे बघत होती.

मी काकूंच्या कानाशी लागले. "काकू, अहो गिफ्ट नको म्हणून सांगितलं होतं ना!"

"गिफ्ट कुठे दिलं?" काकू मोठ्याने म्हणाल्या. "मान दिला. पाहुणे दारात आले आणि हात हलवत आत घ्यायचं होय? सुनेच्या शिक्षणाचं काम आहे, म्हटलं नारळाने सुरुवात होऊ दे."

ओकुबो-सान तोवर टेबलाच्या उंचीपर्यंत वाकून क्षमा मागत होते. प्रमुखांनी शाल काढली, घडी केली, दोन्ही हातांनी त्यांच्याकडे दिली. मग नारळ काकूंपुढे धरला. काकूंनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"मानाचा नारळ परत घेत नाहीत गं बाई. सांग त्यांना. अपशकुन होतो."

प्रमुखांना ठेवता येईना, काकूंना घेता येईना. नारळ मधे. आणि दोन्ही भाषा नीट येणारी मी एकटी. मी कुठल्याही गोष्टीला 'हो' म्हणायला दोन दिवस घेते, नितीन त्यावरून मला रोज चिडवतो. पण त्या क्षणी समोर पातेलं दिसत होतं. त्यात परीक्षकांना दाखवण्यासाठी लाल भोपळ्याची आमटी उकळत होती.

मी जपानीत म्हटलं, "हा आपण आमटीत घालू या. सगळे खातील. मग कुणा एकाला दिला असं होणार नाही, आणि परत केला असंही होणार नाही."

प्रमुखांनी ओकुबो-सानांकडे पाहिलं. ओकुबो-सानांनी सेकिने-सेन्सेईंकडे पाहिलं. परीक्षकांनी जेवण चाखून बघणं भेटीच्या आखणीत आधीपासून लिहिलेलं होतं, ते नियमात बसत होतं. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात सेन्सेई म्हणाल्या, "मुलांच्या पातेल्यात नाही."

त्यांचं बरोबर होतं. होइकुएनचं जेवण महिनाभर आधी ठरतं. त्यात काय काय आहे हे प्रत्येक पालकाला कळवलेलं असतं. कुणाला कशाची ॲलर्जी असेल सांगता येत नाही. न कळवलेला चमचाभर पदार्थही मुलांच्या ताटात जात नाही. मुलांची आमटी आधी बाजूला काढली. मोठ्यांची दुसऱ्या पातेल्यात घेतली. मग सेन्सेईंनी तिथल्या प्रत्येकाला, परीक्षकांनाही, नारळ चालतो का विचारलं.

प्रमुख ते सगळं बघत होते. त्यांनी मला विचारलं, "तुमच्या उपक्रमाचं नाव 'एकच पातेलं'. पण इथे तर दोन झाली."

काहीतरी गोड उत्तर देता आलं असतं. पण ओकुबो-सानांनी मला दोन वर्षं पुरावा मागून मागून बिघडवलं होतं. मी म्हटलं, "हो, आज दोन आहेत. घाईने एक केलं, तर एखादं मूल आजारी पडेल. नारळ पुढच्या महिन्याच्या यादीत घालू, पालकांना कळवू, मग एक होईल. आमचं एक पातेलं असंच झालंय. प्रत्येक जिन्नस आधी दुसऱ्या पातेल्यात होता."

त्यांनी मान हलवली. चांगलं की वाईट, जपानी मान हलवण्यावरून मला अजूनही कळत नाही.

मग नारळ फोडायचा प्रश्न आला. या स्वयंपाकघरात जमिनीवर काही ठेवायला बंदी. सगळ्यांच्या डोक्यावर जाळ्या, पायात पांढरे गमबूट. काकूंनाही जाळी घातली, त्यांच्या अंबाड्यावर ती बसेना. काकूंनी नारळ तळहातावर घेतला, जाड सुरीच्या पाठीने फिरवत फिरवत तीन फटके मारले आणि ओकुबो-सानांना म्हणाल्या, "धरा वाडगा!" त्यांना मराठी येत नाही. त्यांनी वाडगा धरला. पाण्याचा एक थेंब सांडला नाही. कॉलेजच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या.

इथे शिजवलेल्या प्रत्येक पदार्थाचा थोडा नमुना पिशवीत भरून फ्रीजरमध्ये ठेवावा लागतो, पुढे कुणाला त्रास झाला तर तपासायला. सेन्सेईंनी कच्च्या नारळाचाही नमुना भरला. काकू म्हणाल्या, "हा देवाचा वाटा का?" मी "हो" म्हटलं. समजावत बसायला वेळ नव्हता.

ओकुबो-सानांनी त्याच दिवशी पुरस्काराच्या संस्थेला घडलेलं सगळं लिहून कळवलं. मी म्हटलं, "त्यांनी तर स्वतःच पाहिलंय." ते म्हणाले, "म्हणूनच आपण सांगायला हवं." शाल प्लास्टिकच्या पिशवीत घालून, चिठ्ठी लावून ऑफिसच्या हरवलेल्या वस्तूंच्या कपाटात ठेवली. छत्र्या आणि एकेकट्या हातमोज्यांच्या शेजारी. नंतर संस्थेचा एक फोन आला. त्यांनी एवढंच विचारलं, की शाल कुठे आहे. कपाटात आहे म्हटल्यावर फोन ठेवून दिला.

ते दिवस वाईट गेले. स्नेहल लिफ्टमध्ये भेटली की आम्ही हवेबद्दल बोलायचो. काकूंचा व्हिसा संपला. जाताना विमानतळावरून त्यांनी फोन केला. "मनीषा, माझ्यामुळे काही बिघडलं असेल तर मला खरं सांग हं. सुनेला नाही विचारवत." मी म्हटलं, "काकू, काही बिघडलं नाही." याला मात्र माझ्याकडे पुरावा नव्हता.

निकालाचा फोन आला तेव्हा मी पाकिटांवर पत्ते चिकटवत होते. ओकुबो-सान फोन घेताना उभे राहिले. ते फोनवरही वाकून बोलतात, त्यामुळे मी त्यांच्या पाठीवरून अंदाज घ्यायला शिकले होते. पहिल्यांदा थोडे वाकले. नकार असाच असतो, हलका. मग जास्त वाकले. मग इतके, की कपाळ कीबोर्डला लागलं आणि स्क्रीनवर एकच अक्षर ओळभर उमटत गेलं. फोन ठेवून ते वळले.

"कदम-सान," ते म्हणाले, "पुरावा आला."

मी हातातली पाकिटं तशीच टाकून जिन्याने पळत स्वयंपाकघरात गेले. सेकिने-सेन्सेई कोम्बु पुसत होत्या. मी सांगितल्यावर त्यांनी कोम्बु आधी नीट ठेवला आणि मग मला मिठी मारली. इथे कुणी मिठी मारत नाही. परीक्षकांच्या अभिप्रायात दाशीबद्दल होतं, रिकाम्या ताटांबद्दल होतं आणि खाली एक वाक्य होतं, की इथले लोक एकमेकांचे नियम न मोडता वाट काढतात आणि ती काढताना आम्ही प्रत्यक्ष पाहिलं. नारळाचा उल्लेख नव्हता.

विश्वस्तांनी वर्ग चालू ठेवला. स्नेहल एप्रिलमध्ये कॉलेजात आली. पहिल्या दिवशी काळा सूट घालून गेटपाशी उभी राहिली आणि मला म्हणाली, "मनीषाताई, तू म्हणाली होतीस अवघड नाही. खोटारडी!" आणि हसायला लागली. नारळही यादीत गेला. आता भोपळ्याच्या आमटीला पातेलं एकच असतं.

एक गोष्ट राहून गेली, ती राहिलीच. आर्या तोवर प्राथमिक शाळेत गेली होती. आमच्या पातेल्यातलं जेवण तिच्या होइकुएनच्या ताटात कधी आलं नाही. मी तिला एकदा तसं म्हटलं. "बेत्सुनी," ती म्हणाली. म्हणजे, त्यात काय एवढं. मग जरा वेळाने मराठीत विचारलं, "आता तुमच्या त्या होइकुएनमध्ये कडेला कुणी बसत नाही ना?" मी नाही म्हटलं. ती खेळायला गेली.

पप्पांना मी प्रमाणपत्राचा फोटो पाठवला. तो त्यांनी मोठा करून टेम्पोच्या काचेला आतून लावलाय, जपानी अक्षरांसकट. कुणी विचारलं तर सांगतात, "पोरीनं मिळवला." मागितला असं म्हणत नाहीत. मीही आता त्यांना दुरुस्त करत नाही. आपण केलेलं काम लपवून न ठेवता, पुराव्यासकट चार लोकांपुढे ठेवणं म्हणजे मागणं नव्हे, एवढंच मला त्यांना सांगायचं होतं. ते काचेवर आलंच आहे.

पुरस्कार मिळाल्यावर ऑफिसात छोटा समारंभ झाला. काकू पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होत्या. त्यांनी पहिलं विचारलं, "माझी शाल कुठाय?" स्नेहलने कपाटातून पिशवी काढली. चिठ्ठी सोडवली. काकू म्हणाल्या, "आता परीक्षा संपली ना? मग ज्याने वाडगा धरला त्याला घाल."

मी ओकुबो-सानांना सांगितलं. ते दोन पावलं मागे सरले. "ही भेटवस्तू आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "मान आहे."

ते विचारात पडले. कर्मचाऱ्यांच्या नियमांचं पुस्तक काढून चाळलं. मान घेण्याविरुद्ध त्यात काही सापडलं नाही. मग ते स्नेहलपुढे येऊन उभे राहिले, दोन्ही हात बाजूला ताठ, आणि वाकले. इतका उंच माणूस, पण स्नेहलला टाचा उंचवाव्या लागल्या नाहीत. शाल खांद्यांवर बरोबर बसली. फोनमधून काकू म्हणत होत्या, "असू दे, असू दे."

संध्याकाळी मी स्टेशनवर पोचले तेव्हा ते प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या टोकाला उभे होते. कोटावर शाल तशीच. गाडी आली, दार उघडलं. आत शिरताना डोकं खाली घालायला ते त्या दिवशी विसरले आणि त्यांचं कपाळ चौकटीला टक्कन लागलं.